हँगरची भाषा: मराठवाड्यातून विमान देखभालीच्या शिक्षणाला निघालेल्यांसाठी

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी गावाकडून फोन सुरू होतात. परभणी, हिंगोली, कधी लातूर. मुलाचं किंवा मुलीचं विमान देखभालीच्या कोर्सला जायचं ठरलेलं असतं, फीची जुळवाजुळव चाललेली असते, आणि शेवटी दबक्या आवाजात खरा प्रश्न येतो: "दादा, आपलं सगळं शिक्षण मराठीतून. तिथले शब्द झेपतील का?"

झेपतात. माझी दहावी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली आणि मला झेपले. पण ते कोणत्या क्रमाने शिकावेत आणि कुठे घाई करू नये हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे. हे शब्द इंग्रजीच्या पेपरासारखे पाठ करू नका. प्रत्येक शब्दामागे विमानाचा एखादा भाग आहे, त्या भागावर करायचं काम आहे, आणि ते काम चुकलं तर काय होतं याची बहुतेक वेळा कुठे तरी घडलेली गोष्ट आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र शिकलात तर शब्द आपोआप बसतो.

पहिली पायरी: मॅन्युअलच्या इंग्रजीची ओळख करून घ्या

विमानाच्या देखभालीची पुस्तकं जगभरचे फिटर वाचतात. त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. हे ओळखून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक आखून दिलेली इंग्रजी तयार केली. तिला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. तिच्या शब्दकोशात सर्वसाधारण वापराचे जेमतेम नऊशे शब्द आहेत, भागांची आणि हत्यारांची नावं वेगळी. कामाच्या सूचनेचं एक वाक्य वीस शब्दांच्या पुढे जात नाही. एका वाक्यात शक्यतो एकच सूचना. आणि सगळ्यात कामाचा नियम: एका शब्दाचा एकच अर्थ.

हा शेवटचा नियम नीट समजून घ्या. रोजच्या इंग्रजीत 'क्लोज' म्हणजे बंद करणे आणि जवळ असणे, दोन्ही. मॅन्युअलमध्ये 'क्लोज' म्हणजे फक्त बंद करणे. जवळ सांगायला 'निअर' आहे. 'फॉलो' म्हणजे मागून येणे एवढंच. सूचना पाळा असं सांगायचं असेल तर 'ओबे' लिहितात. 'फॉल' म्हणजे खाली पडणे. दाब उतरला तर 'डिक्रीज'. वर्तमानपत्रातलं इंग्रजी ज्याला अवघड जातं त्याला हे इंग्रजी महिनाभरात वाचता येतं. मी वर्गात शहरातल्या कॉन्व्हेंटमधल्या मुलांशेजारी बसत होतो. मॅन्युअल उघडल्यावर त्यांना 'फॉलो'चा जुना अर्थ विसरावा लागत होता. माझ्याकडे विसरण्यासारखं फार नव्हतं.

तीन मथळे पहिल्याच दिवशी ओळखायला शिका. 'वॉर्निंग' म्हणजे माणसाला इजा होऊ शकते. 'कॉशन' म्हणजे विमानाचं किंवा यंत्राचं नुकसान होऊ शकतं. 'नोट' म्हणजे जास्तीची माहिती. पहिले दोन सूचनेच्या आधी छापलेले असतात, कारण ते काम सुरू करायच्या आधी वाचायचे असतात.

दुसरी पायरी: डावं-उजवं ठरवा

बैलजोडीत डावा बैल कोणता हे हाकणारा जिथे बसतो तिथून ठरतं, समोरून येणाऱ्याच्या नजरेने नाही. विमानाचंही तसंच. वैमानिकाच्या खुर्चीत बसून पुढे पाहिलं की जी डावी बाजू, ती विमानाची डावी. तुम्ही विमानासमोर उभे असलात तरी ती बदलत नाही. इंजिनांचे क्रमांकही डावीकडून, म्हणून डावं इंजिन एक नंबरचं.

नाकाकडची दिशा 'फॉरवर्ड', शेपटीकडची 'अ‍ॅफ्ट'. धडाकडे सरकणारं 'इनबोर्ड', पंखाच्या टोकाकडे जाणारं 'आउटबोर्ड'. इंजिनच्या आतली जागा सांगताना घड्याळ वापरतात: मागून पुढे पाहत उभे राहा, वरचा मध्य बारा वाजता, उजवीकडचा तीन वाजता.

माझ्या पहिल्या आठवड्यात सिनिअरने सांगितलं, "अ‍ॅफ्ट पॅनेल उघड." मला ऐकू आलं 'आफ्टर'. मी समजलो की आधी दुसरं काही तरी व्हायचं आहे, आणि मी तिथेच थांबलो. वीस मिनिटांनी ते परत आले तेव्हा पॅनेल बंदच होतं आणि पुढच्या पाळीचं काम अडलं होतं. मला त्या वेळी विचारायची लाज वाटली होती. नव्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की ऐकलेला शब्द मोठ्याने परत म्हणा: "सर, अ‍ॅफ्ट, मागचं पॅनेल?" यात कमीपणा नाही. अनुभवी माणसंही कामाच्या सूचना अशाच परत म्हणून घेतात.

तिसरी पायरी: अंगांची नावं

ही नावं कुठल्याही पुस्तकात चित्रासह मिळतात, म्हणून थोडक्यात. धड म्हणजे फ्यूजलाज. पंखाचा मुख्य तुळईसारखा भाग स्पार, त्याला आडव्या फासळ्या त्या रिब, वरचा पत्रा म्हणजे स्किन. धडातल्या गोल कड्या फ्रेम, आणि लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पट्ट्या स्ट्रिंगर. पंखाच्या मागच्या कडेला टोकाकडचा हलणारा भाग एलेरॉन, तो विमान एका कुशीवर कलवतो; धडाकडचा फ्लॅप. शेपटीवरचा उभा रडर, आडवे एलेव्हेटर.

यंत्रणांसाठी मात्र नावांपेक्षा आकडे जास्त चालतात. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांच्या संघटनेने १९५६ मध्ये विमानाच्या प्रत्येक यंत्रणेला एक प्रकरण क्रमांक दिला. त्याला एटीए चॅप्टर म्हणतात. २१ म्हणजे वातानुकूलन, २४ वीज, २७ उड्डाण नियंत्रणं, २८ इंधन, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर (म्हणजे विमानाची चाकं आणि त्यांचे पाय), ४९ एपीयू, ५२ दारं, ७२ इंजिन. बोइंग असो वा एअरबस, ३२ म्हणजे लँडिंग गिअरच, आणि त्यातही ३२-४० म्हणजे चाकं आणि ब्रेक. आपल्याला हे नवं नाही. गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून सातबारा झाला आणि आकड्याचाच शब्द झाला. तलाठ्याकडे कुणी 'अधिकार अभिलेखाचा उतारा' मागत नाही, सातबारा मागतो. हँगरमध्ये, म्हणजे विमान आणून दुरुस्त करतात त्या मोठ्या शेडमध्येही तसंच: "आज बत्तीसचं काम आहे."

या यंत्रणांपैकी हायड्रॉलिक आधी समजून घ्या, कारण ती तुम्ही पाहिलेली आहे. जेसीबीचा हात ज्या तेलाच्या दाबाने उचलला जातो त्याच तत्त्वाने विमानाची चाकं आत ओढली जातात. एअरबस ३२० मध्ये हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन स्वतंत्र हायड्रॉलिक यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीत दाब ३,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ३,००० पौंड असतो. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, त्यावरून कल्पना करा. त्या दाबाखाली सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघालेली धार कातडीत घुसू शकते, म्हणून गळती कधीही हाताने चाचपायची नाही. प्रवासी विमानांत वापरलं जाणारं तेल जांभळट असतं आणि डोळ्यांत गेलं तर आग होते.

एपीयू म्हणजे शेपटीत बसवलेलं छोटं टर्बाइन. मुख्य इंजिनं बंद असताना ते वीज आणि दाबाची हवा पुरवतं.

चौथी पायरी: सूत, थाऊ आणि टॉर्क

इथे थोडं रेंगाळा. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत ज्यांचे वडील-काका लेथवर आहेत त्यांच्या घरात हे शब्द आधीपासून आहेत.

आपल्याकडे सळई तीन सुती, चार सुती असते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. विमानाच्या रिव्हेटची, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्याची, जाडी इंचाच्या बत्तिसाव्या भागांत मोजतात. म्हणजे डॅश चार नंबरचा रिव्हेट हा चार बत्तिसांश, बरोबर एक सूत. एएन या अमेरिकी मानक मालिकेतल्या बोल्टची जाडी सोळाव्या भागांत: एएन ४ म्हणजे पाव इंच, दोन सूत. एकदा हे जुळलं की रिव्हेटचा आणि बोल्टचा नंबर वाचून जाडी डोळ्यांसमोर येते.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. गावातल्या ट्रॅक्टर गॅरेजमध्ये कुणी थाऊत बोलत नाही. जुना बोल्ट हातात धरायचा, डब्यातून तसाच दिसणारा काढायचा आणि आटे बसले की झालं. ही सवय घरीच सोडून या. १० जून १९९० रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची वैमानिकासमोरची काच सतरा हजार फुटांवर निघून गेली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढले गेले, सहकाऱ्यांनी त्यांना पायाला धरून ठेवलं, आणि सहवैमानिकाने विमान साउदम्प्टनला उतरवलं. कॅप्टन वाचले. तपासात निघालं की उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत ती काच बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला २६ थाऊने कमी होते, उरलेले ६ लांबीला कमी. काढलेला जुना बोल्ट समोर धरून नजरेने नवा निवडला गेला होता, आणि तो जुना बोल्टसुद्धा मुळात चुकीचा होता. योग्य नंबर एका पुस्तकात छापलेला होता. त्याचं नाव आयपीसी, म्हणजे सचित्र भागसूची. भाग मागवायच्या किंवा बसवायच्या आधी ती उघडायची, मग समोरचा जुना भाग कितीही ओळखीचा वाटो.

टॉर्क म्हणजे पिळाचं माप. नट किती आवळायचा हे हाताच्या अंदाजाने ठरत नाही, टॉर्क रेंचने ठरतं. धोका एककांत आहे. इंच-पौंड आणि फूट-पौंड हे वेगळे आहेत आणि त्यांत बारा पटींचा फरक आहे. १०० इंच-पौंडांच्या जागी १०० फूट-पौंड दिले तर बोल्ट तिथेच तुटेल, किंवा त्याहून वाईट, ताणून कमकुवत होऊन जागेवर राहील. म्हणून वहीत आकडा एकट्याने कधी लिहू नका, शेजारी एकक हवंच. रेंचवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे त्याचं माप अचूक असल्याच्या तपासणीचं, स्टिकर असतं. त्यावरची तारीख उलटली असेल तर तो रेंच वापरायचा नाही.

आवळलेला नट सुटू नये म्हणून जे करतात त्याला लॉकिंग म्हणतात. बैलगाडीचं चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात, तेच काम स्प्लिट पिन करते. वायर लॉकिंगमध्ये बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून तार ओवून पीळ देतात. नेहमीच्या जाडीच्या तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. तारेची ओढ बोल्ट आवळण्याच्या दिशेने असली पाहिजे. उलट्या बाजूने ओवलेली तार दिसायला सुंदर दिसते आणि बोल्टला सैल व्हायला मदत करते. घरी एका फळीवर चार बोल्ट ठोकून बाइंडिंगच्या तारेने सराव करा. शंभर वेळा केल्यावर हात बसतो.

पाचवी पायरी: भोकं आणि टोप्या

विमानाच्या नाकाजवळ बाहेर आलेली बारीक नळी दिसते ती पिटो ट्यूब. समोरून येणारी हवा तिच्यात शिरते आणि तिच्या दाबावरून वेग कळतो. धडाच्या बाजूला सपाट पत्र्यात बारीक छिद्रं असतात ती स्टॅटिक पोर्ट. त्यांतून बाहेरच्या हवेचा दाब कळतो आणि त्यावरून उंची. विमान उभं असताना पिटोवर टोपी घालतात. तिला लाल पट्टी लोंबत असते आणि पट्टीवर 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट' असं छापलेलं असतं.

टोपी कशाला, असं वाटेल. आपल्या घरात खिडकीच्या कोपऱ्यात, विजेच्या बोर्डाच्या भोकात कुंभारीण माशी मातीचं घर करते. दोन दिवसांत भोक बुजतं. फेब्रुवारी १९९६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातून उडालेलं बोइंग ७५७ समुद्रात पडलं आणि १८९ माणसं गेली. ते विमान त्याआधी बरेच दिवस टोप्या न घालता उभं होतं. एक पिटो ट्यूब बुजली होती, आणि तपासकांचा संशय अशाच माती थापणाऱ्या माशीवर होता. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पेरूच्या लिमा शहरातून रात्री निघालेलं आणखी एक ७५७ समुद्रात गेलं. ७० जण होते, कुणी वाचलं नाही. विमान धुताना पाणी जाऊ नये म्हणून स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती. ती काढायची राहिली. पट्टी पत्र्याच्याच रंगाची होती, त्यामुळे अंधारात फिरून पाहणाऱ्या कुणाच्या लक्षात आली नाही.

हे दोन अपघात ऐकल्यानंतर मला 'कव्हर', 'प्लग', 'ब्लँक' हे भोकं झाकायच्या-बुजवायच्या वस्तूंचे शब्द कधी पाठ करावे लागले नाहीत. जे लावलं ते कागदावर लिहायचं, आणि लाल किंवा भडक रंगाचंच लावायचं. काढल्यावर परत लिहायचं.

सहावी पायरी: दोषाला नेमकं नाव द्या

"पत्रा खराब आहे" या वाक्याला हँगरमध्ये अर्थ नाही. पोचा पडला असेल तर डेंट, ओरखडा असेल तर स्क्रॅच, टोकदार वस्तूने खाच पडली असेल तर निक, भेग असेल तर क्रॅक, गंज असेल तर करोजन. तार किंवा पाइप दुसऱ्यावर घासून झिजला तर चेफिंग. तेल नुसतं पाझरतंय की थेंब पडतोय, थेंब मिनिटाला किती, हेही मोजून लिहायचं, कारण मॅन्युअलमध्ये मर्यादा तशीच दिलेली असते. कार्बन फायबरच्या भागात आतले थर सुटले तर ते डिलॅमिनेशन. ते शोधायची एक सोपी पद्धत म्हणजे नाण्याने किंवा हलक्या हातोडीने वाजवून बघणं: चांगल्या जागी खणखणीत आवाज, सुटलेल्या जागी बद्द. बाजारात माठ घेताना आपली आजी हेच करते.

फटीग हा शब्द जास्त वेळ मागतो. बाइंडिंगची तार पक्कड नसताना आपण कशी तोडतो? इकडेतिकडे वाकवून. एका वाकवण्याने काही होत नाही, विसाव्याला तुटते. विमान वर जातं तेव्हा आत हवेचा दाब भरला जातो आणि धड किंचित फुगतं. खाली आलं की पूर्ववत. एक उड्डाण आणि एक उतरणं मिळून एक सायकल. म्हणून विमानाचं वय तासांत मोजतात आणि सायकलींतही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एका बोइंग ७३७ च्या छताचा पुढचा मोठा भाग हवेतच उडून गेला. एक हवाईसेविका गेली, बाकीचे विमान उतरल्यावर वाचले. ते विमान ३५,४९६ तास उडालं होतं, पण सायकली ८९,६८० झाल्या होत्या. भागाकार करा: सरासरी उड्डाण चोवीस मिनिटांचंही नाही. बेटावरून बेटावर उड्या. काळीपिवळी जीप दिवसभरात फार किलोमीटर चालत नाही, पण दर फाट्यावर तिचं दार उघडतं आणि ब्रेक लागतो. तिची झीज किलोमीटरवर मोजली तर फसगत होते. तिथे त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेचा गंजही होता, आणि पत्र्यांच्या सांध्यावर रिव्हेटच्या ओळीतल्या बारीक भेगा एकमेकींना जाऊन मिळाल्या.

अशा भेगा डोळ्याने दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एनडीटी, म्हणजे भाग न फोडता करायची तपासणी: रंगाच्या द्रवाने, एडी करंट म्हणजे धातूत फिरवलेल्या वीजप्रवाहाने, अल्ट्रासाउंडने. इंजिनच्या पोटात पाहायला बोरस्कोप. दवाखान्यात दुर्बिणीने पोट तपासतात तसंच.

सातवी पायरी: कागदाचे शब्द

नवख्यांना वाटतं की पाना चालवणं खरं काम आणि कागद बाबूगिरी. मलाही वाटायचं. प्रत्यक्षात विमान उडतं ते सहीवर.

वैमानिकाने किंवा इंजिनिअरने दोष लिहायची वही म्हणजे टेक लॉग. भारतातल्या हँगरमध्ये दोषाला सर्रास 'स्नॅग' म्हणतात. स्नॅग निघाली की दोन वाटा: दुरुस्त करा, किंवा एमईएल बघा. एमईएल म्हणजे काय काय बंद असताना, कोणत्या अटींवर, विमान उडू शकतं याची मंजूर यादी. तिच्यात मुदतीचे वर्ग आहेत. बी वर्गाला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२०. दोष सापडला तो दिवस मोजायचा नाही. ए वर्गाची मुदत त्या त्या ओळीतच लिहिलेली असते. यादीत नाव नसलेली आणि उड्डाणाच्या सुरक्षेशी संबंध असलेली वस्तू बंद असेल, तर विमान जागेवरच. त्याला एओजी म्हणतात, जमिनीवर अडकलेलं विमान. एओजीचा फोन आला की सगळ्यांची धावपळ सुरू होते, आणि नेमक्या त्याच वेळी आयपीसी न उघडण्याचा मोह होतो.

एडी (एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह) आणि एसबी (सर्व्हिस बुलेटिन) यांत घोळ करू नका. एसबी उत्पादक काढतो, तो सल्ला असतो. एडी सरकारी नियामक काढतो, तो पाळावाच लागतो. आपल्याकडे नियामक म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

आणि सीआरएस. काम मॅन्युअलप्रमाणे झालं, विमान सेवेत सोडायला हरकत नाही, असा दाखला. त्याखाली परवानाधारकाची सही. तुम्ही शिकाऊ असताना तुमच्या कामावर सही दुसऱ्याची असते. म्हणून "झालं" म्हणताना काय झालं ते सांगा: कोणता टास्क, कोणत्या पायरीपर्यंत, काय उरलं. पाळी बदलताना अर्धं राहिलेलं काम तोंडी सांगून निघू नका, हँडओव्हरच्या कागदावर लिहा.

हँगरमधली बोली

उडायच्या आधी फलाटावर होतं ते लाइन मेंटेनन्स, हँगरमध्ये विमान उघडून होतं ते बेस मेंटेनन्स. ए चेक छोटा, सी चेक मोठा, त्यात विमान दिवसेंदिवस उघडं असतं. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावला तर त्याला 'रॉबरी' म्हणतात. शब्द चोरीचा असला तरी त्याची रीतसर नोंद होते. एफओडी म्हणजे जिथे नको तिथे पडलेली कुठलीही वस्तू: नट, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती कोरलेली असते, ती रिकामी दिसली की काम थांबतं. पाना हरवला तर लगेच सांगा. ओरडा खावा लागेल, पण हत्यार सापडेपर्यंत विमान सोडणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

फी भरायच्या आधी

पदवी आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी विमानाची रचना शिकवते. विमानावर सही करायचा अधिकार देते ती डीजीसीएची परवाना परीक्षा, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासह. तिचे नियम सीएआर ६६ या डीजीसीएच्या नियमावलीत आहेत. बी१ म्हणजे यांत्रिक बाजू, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक्स आणि दिशादर्शन. बी१ चेही चार भाग आहेत, टर्बाइनची विमानं म्हणजे बी१.१. शिकवणाऱ्या संस्थेला सीएआर १४७ ची मान्यता लागते. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते. माहितीपत्रकावरचा विमानाचा फोटो बघून पैसे भरू नका; संस्थेचं नाव आणि तुम्हाला हवा असलेला वर्ग यादीत आहे का, ते स्वतः बघा. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतं. काम बहुधा हैदराबाद, नागपूर, मुंबई, बंगळुरू इथे मिळतं. नांदेड-लातूरकडच्या मुलांना हैदराबाद सोयीचं पडतं.

वही

शेवटची तयारी घरबसल्या करता येते. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या माणसांना २६ एप्रिल १९९३ ची दुपार आठवते. चिकलठाण्याहून निघालेलं बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकाबाहेरच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि पुढे विजेच्या तारांत गेलं. ११८ पैकी ५५ जण गेले. या घटनेचं तपासातलं वर्णन मी कोर्सला असताना वाचलं, आणि लहानपणापासून ऐकलेली गोष्ट पहिल्यांदा नीट समजली. ट्रकला लागलं ते डावं मेन लँडिंग गिअर, आणि डाव्या इंजिनची खालची काउलिंग (इंजिनवरचं झाकण) आणि थ्रस्ट रिव्हर्सर (उतरल्यावर इंजिनचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारा भाग). चूक रोटेशनची, म्हणजे नाक वर उचलण्याच्या क्षणाची आणि पद्धतीची; आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक न थांबवण्याची. लँडिंग गिअर, काउलिंग, थ्रस्ट रिव्हर्सर, रोटेशन: हे चार शब्द त्या दिवसापासून माझ्याकडे आहेत.

तुम्हीही शंभर पानी वही घ्या. प्रत्येक शब्दाला अर्धं पान. वर शब्द देवनागरीत आणि इंग्रजीत, खाली तो भाग काय करतो ते स्वतःच्या बोलीत एका ओळीत, मग तो चुकला तर काय होतं ते, आणि असेल तर एटीएचा आकडा. दिवसाला पाचच शब्द, जास्त नकोत. पानाचा उजवा भाग कोरा ठेवा. हँगरमध्ये गेल्यावर तो भाग समोर पाहून तिथे पेन्सिलने त्याचं चित्र काढायचं आहे.